डोक्यामागचे नाव : नाहुआत्ल चित्राक्षरांतील माणसे आणि गावे

नाहुआत्ल चित्रपोथ्यांमध्ये माणसाचा चेहरा ओळख पटवण्यासाठी काढलेला नसतो. राजा असो वा शेतकरी, सगळ्यांचे नाकडोळे एकाच वळणाचे आणि सगळे बाजूने पाहिलेले. कोण कुठला हे सांगते ते डोक्याजवळचे लहानसे चित्र: नाग, ढाल, पाण्याची धार, मुठीत धरलेल्या बोरूच्या काड्या. बहुधा एक बारीक काळी रेघ हे चित्र डोक्याला जोडते. ते त्या माणसाचे चिन्ह किंवा अंगावरचे भूषण नव्हे. ते त्याचे नाव आहे, आणि नाहुआत्ल भाषेतच वाचायचे असते.

मध्य मेक्सिकोच्या पठारावरील अनेक नगरराज्यांची ही भाषा. त्यांपैकी मेशिका लोकांनी परंपरेनुसार १३२५ मध्ये सरोवरातील बेटावर तेनोचतित्लान वसवले. आजची मेक्सिको सिटी त्याच जागेवर आहे. तेनोचतित्लान, तेशकोको आणि त्लाकोपान यांची युती १४२८ च्या सुमारास झाली आणि पुढची नव्वद-एक वर्षे या युतीने भोवतालच्या प्रदेशावर खंडणी बसवली. १३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पॅनिश सेनेपुढे आणि तिच्या स्थानिक मित्रांपुढे शहर पडले. भाषा मात्र टिकली. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत ती बोलणारे १६ लाखांहून अधिक आहेत. या भाषेत लिहिणे आणि रंगवणे यांना एकच क्रियापद आहे, आणि पोथी तयार करणाऱ्याला 'त्लाकुइलो' म्हणत.

चित्रातून नाव कसे वाचले जाते हे कळण्यासाठी भाषेची एक सवय ध्यानात घ्यावी लागते. बहुतेक नामांच्या शेवटी -त्ल, -त्ली किंवा -इन असा प्रत्यय येतो. 'तोमात्ल' हे नाव स्पॅनिशमार्गे जगभर फिरून मराठी बाजारात टोमॅटो होऊन आले, तेव्हा हा प्रत्यय बदलून गेला होता. समासात तर पहिल्या पदाचा प्रत्यय गळतोच. 'तेत्ल' म्हणजे दगड. समासात उरतो फक्त 'ते'. 'आत्ल' म्हणजे पाणी, उरतो 'आ'. 'पांत्ली' म्हणजे निशाण, त्याचे 'पान' होते. 'त्लान्त्ली' म्हणजे दात, त्याचे 'त्लान'. 'कोमित्ल' म्हणजे मडके, त्याचे 'को'. आता दगडाचे चित्र दोन कामांना येते. कधी ते खरोखर दगडच सांगते, आणि कधी दगडाशी काही संबंध नसलेल्या शब्दातला 'ते' हा उच्चार तेवढा देते. वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे.

दोन्ही कामे एकाच नावात पाहायची तर इत्स्कोआत्लसारखे उदाहरण नाही. हा मेशिकांचा चौथा राजा. त्याची कारकीर्द १४२७ ते १४४०. 'इत्स्त्ली' म्हणजे ज्वालामुखीतून येणारी काळी काच, जिची पाती वस्तऱ्याहून तीक्ष्ण असतात, आणि 'कोआत्ल' म्हणजे साप. मेंदोसा चित्रपोथीत हे नाव अर्थाप्रमाणे काढले आहे: एक साप, आणि त्याच्या पाठीवर काळ्या पात्यांची रांग. तेशकोकोजवळच्या तेपेत्लाओस्तोक येथील व्हेरगारा चित्रपोथी ही १५४० च्या सुमाराची घरगणतीची नोंद आहे. तिच्यात तेच नाव एका सामान्य रहिवाशाच्या डोक्यामागे येते, पण साप कुठेच नाही. काचेचे पाते 'इत्स', मडके 'को', पाणी 'आ'. मडक्याचा आणि पाण्याचा त्या माणसाशी संबंध शोधत बसणारा फसतो. तिथे केवळ ध्वनी मांडलेले आहेत. फ्रेंच अभ्यासक जोसेफ मारिउस अलेक्सिस ओबँ याने १८४९ च्या निबंधात हीच जोडी पुढे ठेवली आणि ही चित्रे नुसती चित्रे नाहीत, त्यांच्यात अक्षरे आहेत, असे दाखवून दिले. त्यानंतर हा विषय शिकवताना याच उदाहरणापासून सुरुवात करण्याची रीत पडली आहे.

राजांच्या नावांची मांडणी एकाच पोथीत ओळीने पाहता येते, ती मेंदोसा चित्रपोथीत. व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसाच्या काळात, १५४१-४२ च्या सुमारास, युरोपीय कागदावर ती तयार झाली, म्हणून तिला हे नाव. पाने ७१. स्पेनकडे निघालेली ही पोथी फ्रेंच चाच्यांच्या हाती लागली असे मानले जाते. फ्रेंच राजदरबारचा भूगोलकार आंद्रे तेवे याने तिच्यावर स्वतःची सही आणि १५५३ हे साल घातले. पुढे ती रिचर्ड हॅक्लूटकडे आणि अखेर जॉन सेल्डनच्या संग्रहातून ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात गेली. चित्रांशेजारी स्पॅनिशमध्ये अर्थ लिहिणाऱ्याने शेवटी तक्रार नोंदवून ठेवली आहे की जहाजे निघण्यापूर्वी हातात जेमतेम दहा दिवस होते. त्या घाईतल्या टिपांमुळेच पुढच्या वाचकांना चित्र आणि उच्चार यांची जोडी लावता आली.

तिच्यात पहिला राजा आकामापिच्त्ली एका मुठीने ओळखू येतो. मुठीत बोरूच्या काड्या आहेत, आणि नावाचा अर्थही तोच. विट्सिलिविट्लसाठी हमिंगबर्ड पक्ष्याचे डोके आणि पांढरी पिसे. चिमाल्पोपोकासाठी ढाल आणि तिच्यातून निघणारे धुराचे वेटोळे. आशायाकात्लसाठी माणसाचा चेहरा आणि त्यावरून वाहणारे पाणी. हे शेवटचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. 'आत्ल' पाणी आणि 'शायाकात्ल' चेहरा असे दोन तुकडे जोडून चित्रकाराने नाव काढले; पण 'आशायाकात्ल' हे सरोवरातल्या एका पाणकिड्याचेही नाव आहे, ज्याची अंडी लोक आवडीने खात. किडा काढायचा की तुकडे जोडायचे, हा निर्णय चित्रकाराचा. त्याने तुकडे निवडले, म्हणजे उच्चार निवडला. आविट्सोत्लच्या बाबतीत उलट झाले: त्याच्या नावाचा पाणप्राणी चित्रात सबंध आहे, सोबत पाणी. तिसोकचे चिन्ह म्हणजे ठिपके किंवा टोचल्याच्या खुणा असलेला पाय. त्याचा नेमका अर्थ लावताना अभ्यासक एकमेकांशी सहमत नाहीत, आणि राजाचे नाव ओळखायला त्याची गरजही पडत नाही.

मोतेकुसोमा म्हणजे रागावलेला स्वामी. राग काढणे कठीण, म्हणून चित्रकारांनी नावातला फक्त 'तेकुत्ली', म्हणजे सरदार किंवा स्वामी, हा भाग घेतला आणि राजाचे निळे टोकदार शिरोभूषण काढले. या नावाचे राजे दोन, आणि मेंदोसा चित्रपोथीत दोघांनाही तेच शिरोभूषण. पहिल्याला 'इल्विकामिना', आकाशाला बाण मारणारा, असे दुसरे नाव होते. दुसऱ्या काही पोथ्यांत ते बाण घुसलेल्या आकाशपट्टीने दाखवले आहे. १५२० ते १५२१ मधला शेवटचा राजा क्वाउतेमोक म्हणजे खाली झेपावणारा गरुड. त्याच्या चिन्हात गरुड डोके खाली करून असतो, आणि क्रियापद स्पष्ट व्हावे म्हणून कधी कधी खाली उतरणारी पावले जोडलेली असतात. पाऊलखुणा ही या लिपीत क्रिया लिहिण्याची हुकमी युक्ती आहे.

नावे येत कुठून? पहिला उगम पंचांगाचा. २६० दिवसांच्या 'तोनाल्पोवाल्ली' या गणनेत वीस दिवसचिन्हे आणि एक ते तेरा हे आकडे एकमेकांत फिरतात: मगर, वारा, घर, सरडा, साप, मृत्यू, हरीण, ससा, पाणी, कुत्रा आणि पुढे. मूल ज्या दिवशी जन्मले तो दिवस त्याचे नाव होऊ शके. दिवस अशुभ असेल तर पंचांग पाहणारा नामकरण पुढच्या चांगल्या दिवसावर ढकली. मेंदोसा चित्रपोथीच्या तिसऱ्या भागात हा विधी चितारला आहे. जन्मानंतर चौथ्या दिवशी सुईण बाळाला अंगणात आंघोळ घालते. मुलगा असेल तर जवळ ढाल-बाण किंवा बापाच्या धंद्याची हत्यारे, मुलगी असेल तर केरसुणी आणि चाती. शेजारी तीन लहान मुले भाजलेला मका आणि शिजलेल्या घेवड्याचा खाऊ खात बसलेली. सुईण सांगेल ते नाव त्यांनी मोठ्याने ओरडून जाहीर करायचे.

दक्षिणेकडच्या मिश्तेक पोथ्यांत पंचांगनावाचा आकडा कधी चुकत नाही. 'आठ हरीण' हा तिथला अकराव्या शतकातला प्रसिद्ध राजा आठ ठिपक्यांसकटच ओळखला जातो. नाहुआ चित्रकार मात्र आकडा बहुधा गाळतात. वसाहतकाळातल्या गणत्यांमध्ये नुसते 'हरीण', 'साप', 'ससा' असे पुरुष मोठ्या संख्येने भेटतात. ज्यांना दुसरे वैयक्तिक नाव मिळाले ते त्या नावाने पोथीत येतात. तेशकोकोचा कवी-राजा नेसावाल्कोयोत्ल (१४०२-१४७२) याचे पंचांगनाव 'एक हरीण' होते. चित्रात मात्र तो दिसतो गळ्याला उपवासाची पिळलेली पट्टी बांधलेल्या कोयोटीच्या डोक्याने, कारण त्याच्या रूढ नावाचा अर्थ उपाशी कोयोटी असा आहे.

स्त्रियांच्या बाबतीत नोंद फार कंजूष आहे. १५३० आणि १५४० च्या दशकांत आजच्या मोरेलोस राज्यात रोमन लिपीत लिहिलेल्या नाहुआत्ल घरगणत्या उपलब्ध आहेत. त्यांत बायकांची नावे पाहिली तर तियाकापान, तेइकू, त्लाको, शोको हीच पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे पहिली, तिच्या पाठची, मधली, शेंडेफळ. एका वस्तीत डझनावारी शोको असल्या तरी गणती करणाऱ्याचे अडत नव्हते, कारण ओळख घरधन्याच्या नावाने लागत होती. राजघराण्यातील स्त्रियांना मात्र स्वतःची नावे आणि चिन्हे आहेत, कारण गादीचा हक्क अनेकदा आईकडून सांगितला जाई. चित्रात बाई ओळखावी ती कपाळावर शिंगांसारख्या दोन टोकांनी बांधलेल्या केसांवरून.

उगम सांगणारी चिन्हे

माणूस कुठला हे लिहिण्यासाठी आधी गाव लिहिता यायला हवे, आणि गावे लिहिण्यात ही लिपी सर्वांत तरबेज आहे. डोंगराचे चित्र म्हणजे 'तेपेत्ल'. त्यावर साप काढला की कोआतेपेक, नाकतोडा काढला की चापुल्तेपेक. १९६९ मध्ये सुरू झालेल्या मेक्सिको सिटीच्या भुयारी रेल्वेने स्थानकांना चिन्हे देताना चापुल्तेपेक स्थानकाला नाकतोडाच दिला. स्थानवाचक प्रत्ययांना चित्र नाही, म्हणून सारखा उच्चार असलेली वस्तू वापरली जाते. '-त्लान' या प्रत्ययासाठी दात: झाडाच्या बुंध्याला दातांची ओळ लावली की क्वाउतित्लान, झाडांजवळचे गाव. '-पान' साठी निशाण: सशाबरोबर निशाण म्हणजे तोच्पान. '-त्सिन्को' साठी कमरेखालचा माणूस: बोरूच्या झुडपाखाली असे दोन पाय दिसले की तोल्लान्त्सिन्को. '-नाहुआक' म्हणजे जवळ. पण त्याच उच्चाराचा धातू स्पष्ट बोलण्याशी संबंधित, म्हणून झाडाला तोंड काढून त्यातून बोलण्याचे वेटोळे बाहेर पडताना दाखवले की क्वाउनाहुआक. स्पॅनिश कानांनी त्याचे क्वेर्नाव्हाका केले, आणि झाड जाऊन गायीचे शिंग आले. वाश्याकाकसाठी माणसाच्या चेहऱ्याच्या नाकावर 'वाशिन' हे शेंगांचे झाड उगवलेले असते, कारण 'याकात्ल' म्हणजे नाक आणि टोकही. आजचे ओआखाका ते हेच.

कधी चित्र दोन प्रकारे वाचता येते आणि लिहिणारा इशारा सोडतो. तेशकोकोचा प्रदेश आकोल्वाकान. त्यासाठी खांद्यासकट हात काढतात, कारण खांदा म्हणजे 'आकोल्ली'. पण हातासाठी 'माइत्ल' हा वेगळा शब्द आहे, तेव्हा कुणी 'मा' वाचू नये म्हणून हातावर पाण्याचे चिन्ह बसवले जाते: सुरुवात 'आ' ने कर, अशी सूचना. 'क्वाउ' या उच्चारात झाड आणि गरुड दोन्ही येतात, आणि तिथे चित्रकाराने काय काढले त्यावर गावाचा अर्थ ठरतो.

गावावरून माणसाचे विशेषण बनते ते '-कात्ल' या प्रत्ययाने, अनेकवचनी '-का': त्लाश्काल्तेकात्ल म्हणजे त्लाश्कालाचा, चाल्का म्हणजे चाल्कोचे लोक. या प्रत्ययाला लिपीत बहुधा चिन्हच नसते. गावाचे चिन्ह माणसाला जोडले की 'चा' आणि 'चे' वाचणाऱ्याने पदरचे घालायचे. याचा उत्तम नमुना बोतुरिनी चित्रपोथी. मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयातली ही साडेपाच मीटर लांबीची, झाडाच्या सालीच्या कागदाची घडीची पट्टी आस्त्लान या मूळस्थानापासूनचा मेशिकांचा प्रवास सांगते. सुरुवातीच्या पानांत आठ घरे उभी रांगेत, प्रत्येकासमोर एक माणूस आणि एक चिन्ह. उदाहरणार्थ, विलो वृक्ष म्हणजे वेशोत्सिन्का, हिरव्या मण्याची चकती म्हणजे चाल्का, फुलांचे शेत म्हणजे शोचिमिल्का, वळलेले गवत म्हणजे मालिनाल्का, धनुष्यबाण म्हणजे चिचिमेका, दगड म्हणजे तेपानेका, जाळे म्हणजे मात्लात्सिन्का. दगडातून फक्त पहिला 'ते' मिळतो. बाकी नाव वाचकाला ठाऊक असणार, हे गृहीत आहे. त्यांच्यापुढे देवाची गाठोडी पाठीवर घेतलेले चौघे चालतात आणि इथे चिन्हे व्यक्तिनावांची होतात: तेस्काकोआत्लसाठी आरसा आणि साप, क्वाउकोआत्लसाठी गरुड आणि साप, चिमाल्मा या बाईसाठी ढाल. चौथा आपानेकात्ल, त्याचे नावच आपानचा माणूस असे आहे. उगम आणि व्यक्तिनाव यांच्यात कुंपण नव्हते हे त्यातून कळते.

या पोथ्या विजयानंतरच्या किंवा विजयाच्या आसपासच्या असल्याने ही पद्धत स्पॅनिश प्रभावाची तर नाही ना, अशी शंका येते. तिला उत्तर दगडात आहे. तिसोकची शिळा म्हणून ओळखला जाणारा गोल दगड १७९१ मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडला. तिच्या कडेने पंधरा जोड्या कोरल्या आहेत. प्रत्येकीत विजेता कैद्याचे केस धरून उभा. कैद्यांच्या डोक्यामागे व्यक्तिनावे नाहीत, जिंकलेल्या गावांची चिन्हे आहेत. विजेत्यांपैकी एकालाच व्यक्तिनाव आहे: पायाचे चिन्ह, म्हणजे तिसोक, १४८१ ते १४८६ मधला राजा. हरलेल्याला गाव आणि जिंकणाऱ्याला नाव, अशी ही विभागणी. मुख्य मंदिराच्या विस्ताराच्या १४८७ मधील स्मृतिशिळेवरही तिसोक आणि आविट्सोत्ल आपापल्या चिन्हांसह समोरासमोर बसले आहेत.

गणतीची पाने

राजांची चिन्हे देखणी असली तरी लिपीचा खरा कस लागला तो सामान्यांच्या याद्यांत. राजा ओळखीचाच असतो. शेकडो शेतकऱ्यांच्या यादीत चिन्ह चुकले तर कर चुकतो. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील १५६० ची वेशोत्सिन्कोची नोंदवही अशी आहे. तिच्यात हजारो घरधनी गाववार आणि वाडीवार रांगांनी काढलेले आहेत, प्रत्येकाचे नुसते डोके, मागे चिन्ह आणि सोबत रोमन लिपीत नाव. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत. हान्स प्रेम याने ती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा नाहुआत्ल नामचिन्हांचा सर्वांत मोठा साठा अभ्यासकांना खुला झाला. एकच नाव वेगवेगळ्या वाड्यांत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले तिथे सापडते. ठरीव चित्रांची यादी पाठ करून असे होत नाही. लिहिणारे नियम वापरत होते. तेपेत्लाओस्तोकच्या व्हेरगारा आणि सांता मारिया आसुन्सिओन या दोन वह्यांत तर माणसांबरोबर त्यांच्या शेतांची मापेही आहेत, आणि जमिनीच्या नोंदीत नावे पुन्हा लिहिली गेल्याने पडताळा घेता येतो.

स्पॅनिश नावे आल्यावर लिपीपुढे वेगळी अडचण उभी राहिली. नाहुआत्लमध्ये र, द, ब, ग, फ हे ध्वनी नाहीत. र चा ल होतो, म्हणूनच स्पॅनिश सेनापती कोर्तेसची दुभाषी मारिना ही आदरवाचक प्रत्ययासह मालिन्त्सिन झाली. चित्रकारांनी अनेक मार्ग काढले. कोर्तेसचा सरदार पेद्रो दे आल्व्हारादो याला नाहुआ लोक 'तोनातिउ', सूर्य, म्हणत; तेल्लेरियानो-रेमेन्सिस चित्रपोथीत १५४१ मधला त्याचा मृत्यू दाखवताना प्रेताजवळ सूर्य काढला आहे. संतांच्या सणांची नोंद करणाऱ्या मेक्सिकानुस चित्रपोथीत काही संत त्यांच्या हातातल्या वस्तूंवरून, तर काही उच्चाराच्या चिन्हांवरून ओळखायचे आहेत. प्रार्थनाही अशीच लिहिली गेली: लॅटिन 'पातेर नोस्तेर' साठी निशाण, दगड, निवडुंगाचे फळ आणि पुन्हा दगड, म्हणजे 'पान-ते नोच-ते'. आवाज जुळतो तेवढा पुरे.

या सगळ्याला पूर्ण लेखन म्हणावे का, यावर अजून वाद आहे. एलिझाबेथ हिल बून यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात चित्रांच्या मांडणीतूनच इतिहास सांगितला जातो, त्यासाठी वाक्ये लिहावी लागत नाहीत, यावर भर दिला. आल्फोन्सो लाकादेना याने २००८ मध्ये उच्चारचिन्हांची पद्धतशीर मांडणी केली आणि तेशकोको भागात उच्चारलेखन जास्त दिसते ते स्पॅनिशांमुळे नव्हे, तर तिथल्या लेखकांच्या परंपरेमुळे, असा दावा केला. गॉर्डन व्हिटेकर यांचे २०२१ चे पुस्तकही चिन्हांना लिपी मानूनच चालते. दोन्ही बाजू पाहता एवढे म्हणता येते की घटनाक्रम चित्राने सांगितला जात असे, पण व्यक्ती आणि गाव यांची नावे मात्र खरोखर लिहिली जात. वादाचा उरलेला भाग बराचसा 'लेखन' या शब्दाच्या व्याख्येचा आहे.

स्पॅनिश न्यायालयांनी चित्रपोथ्या पुरावा म्हणून मान्य केल्यामुळे नामचिन्हे विजयानंतरही दोन-तीन पिढ्या कामात राहिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नाहुआ कारकून रोमन लिपीतच मृत्युपत्रे आणि खरेदीखते लिहू लागले आणि डोक्यामागचे चित्र वगळले जाऊ लागले. सामान्यांची दुसरी नावेही बदलली: हुआन दिएगोसारखी दोन ख्रिस्ती नावे जोडून काम भागे. जुनी नावे आडनाव म्हणून टिकली ती मुख्यतः सरदार घराण्यांत. मोक्तेसुमा हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध, आणि १६२७ मध्ये स्पेनच्या राजाने दुसऱ्या मोतेकुसोमाच्या वंशजाला मोक्तेसुमाचा काउंट हा किताब दिला.